पोरगं एका जागी बसत नाही, म्हणून शाळा सोडवायची का?

मुलाला घरी शिकवायचं का, हा प्रश्न मे महिन्यात विचारू नये. मे महिन्यात सगळ्यांनाच वाटतं की जमेल. बिल्डिंगखाली दिवसभर पोरं असतात, आजी गावाहून आलेली असते, आणि पोरगं रात्री जेवताना ताटावरच पेंगतं. खरा प्रश्न जुलैत उभा राहतो. सकाळी नऊनंतर खाली चिटपाखरू नसतं, पावसाने उघडीप दिलेली नसते, दोरीवरचे कपडे आंबट वास मारत असतात, आणि वन रूम किचनमध्ये तुम्ही आणि ते दोघंच. तेव्हा जे उत्तर येईल ते धरा.

मी मुंबई महापालिकेच्या मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झाले. राहते विक्रोळीला, कन्नमवार नगरात. पायाला भिंगरी लावलेली पोरं माझ्या वर्गात दरवर्षी असायचीच. आता त्या वयाच्या मुलांचे आईबाप माझ्याकडे येतात, बहुतेक जण निर्णय घेऊनच. फोनवर होमस्कूलिंगचे व्हिडिओ बघून झालेले असतात, पिशवीत शाळेची डायरी असते आणि डायरीत लाल शाईचा शेरा. मी घरी शिकवण्याच्या विरोधात नाही. भांडुपचं एक घर ते उत्तम करतंय, त्यांचं पुढे सांगते. पण ‘तो बसतच नाही हो’ एवढंच कारण घेऊन जे येतात, त्यांना मी आधी दुसरी कामं लावते. त्यातच निम्म्यांचा प्रश्न मिटतो.

सगळ्यात आधी जन्मतारीख बघा. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल पहिलीला चालतं. म्हणजे डिसेंबरातलं लेकरू जूनमध्ये जेमतेम साडेपाच वर्षांचं असताना बाकावर बसतं, आणि त्याच्या शेजारी जानेवारीत जन्मलेलं, जवळपास वर्षाने मोठं. या वयात वर्ष म्हणजे केवढं! वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय की अतिचंचलतेचा शिक्का वर्गातल्या सर्वांत लहान मुलांवर जास्त बसतो. तुमचं मूल ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरचं असेल, तर शाळा सोडवण्याआधी एक वर्ष थांबवण्याचा विचार करा. मोठ्या शिशूत आणखी एक वर्ष काढल्याने कुणाचं आयुष्य मागे पडत नाही. शेजारच्या काकू बोलतील. बोलू द्या.

मग डॉक्टर. मानसोपचारतज्ज्ञ नंतर, आधी नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. सारखी सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानात पाणी साचून ऐकू कमी येतं, आणि ज्याला बाईंचं बोलणं नीट ऐकू येत नाही ते मूल इकडेतिकडे बघणारच. रात्री घोरणारं, तोंड उघडं टाकून झोपणारं मूल दिवसा मरगळत नाही, उलट जास्त धिंगाणा घालतं. हिमोग्लोबिन बघा, डोळे तपासा. यातलं काही निघालं तर उपाय सोपा असतो.

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असेल का, ही धास्ती प्रत्येक आईच्या मनात असते. एक गोष्ट लक्षात ठेवा: ते निदान करताना लक्षणं किमान सहा महिने आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावी लागतात. पोरगं शाळेतच उच्छाद मांडतं आणि मामाकडे, पोहायच्या क्लासला, देवळात ठीक असतं, तर आधी शाळेकडे बघायचं. सगळीकडेच तसं असेल, तर सायन, केईएम, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत दाखवता येतं, खाजगीच हवं असं नाही. आणि निदान झालंच, तरी सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पहिला उपाय गोळीचा नसतो, आईवडिलांना वागणं शिकवण्याचा असतो. ते शिकणं शाळेत घातलं तरी लागतं, घरी ठेवलं तरी लागतं.

झोपेचं तर मुंबईत विचारूच नका. बाप साडेआठच्या गाडीने कल्याणकडे लोंबकळत येतो, जेवणं दहाला, बापाशी खेळायचं म्हणून पोरगं साडेअकरापर्यंत जागं, आणि सकाळी साडेसहाला स्कूलबस. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या डुलकीसकट दहा ते तेरा तास झोप लागते, सहाच्या पुढे नऊ ते बारा. तुमचं गणित तुम्हीच मांडा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासननिर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला, तो याच कारणाने. तुमची शाळा सातला भरत असेल, तर शाळा या कल्पनेवर रागावण्याआधी दुपारची किंवा नऊची शाळा शोधून बघा.

इथवर सगळं ठीक निघालं की एक शंभर पानी वही घ्या. दोन आठवडे त्यात एवढंच लिहायचं: मूल कधी उधळलं आणि कधी थांबलं. आईबाप फक्त उधळलेलं लिहितात. मला थांबलेलं हवं असतं.

आमच्या विंगमधल्या मल्हारचं सांगते. साडेपाच वर्षांचा, मोठ्या शिशूत. ‘सूचना देऊनही जागेवर बसत नाही’ असा शेरा घेऊन त्याची आई रडवेली होऊन आली होती. त्याच आठवड्यात बिल्डिंगच्या पाण्याचा पंप बंद पडला. प्लंबर आला, पंप खोलून बसला, आणि मल्हार त्याच्यासमोर उकिडवा. चाळिसेक मिनिटं हललं नाही पोरगं. आधी नुसतं बघितलं. मग प्लंबरने हात पुढे केला की पाना द्यायला लागला. दोनदा चुकीचा दिला, प्लंबर म्हणाला, “अरे, बारा-तेराचा दे, आकडा लिहिलाय बघ त्याच्यावर.” तिसऱ्या वेळी त्याने पाना उजेडाकडे धरला, आकडा बोटाने चाचपला आणि बरोबर दिला. जुना वॉशर बाहेर आला तो खिशात घातला. मी गॅलरीतून त्याच्या आईला हाक मारली, “अगं, ये, तुझा न बसणारा मुलगा बघ.”

वहीत असल्या नोंदी दोन-चार जरी सापडल्या तरी तुम्हाला कळतं की मुलाला बसता येतं. कशासाठी बसायचं, हे शाळेने सांगितलेलं नाही. आता हे शाळेत दुरुस्त होतं का ते बघायचं, म्हणून पुढचं काम बाईंना भेटायचं. तक्रार करायला जाऊ नका, आणि पालकसभेच्या रांगेतही उभं राहू नका, तिथे दीड मिनिट मिळतं. वेगळी वेळ मागा. विचारा की दिवसात त्याला उठायची परवानगी असलेलं एखादं काम देता येईल का. माझ्या वर्गात अशा पोरांकडे ठरलेली कामं असायची: फळा पुसणं, वह्या वाटणं आणि सगळ्यांत मानाचं काम म्हणजे सूचनावही फिरवणं. मुख्याध्यापकांची सही झालेली वही घेऊन प्रत्येक वर्गात जायचं, “बाई, सूचना” म्हणायचं, सही घ्यायची, पुढच्या वर्गात. दोन जिने चढ-उतार करून आलेलं पोरगं पुढची वीस मिनिटं पाटीवर मान घालून लिहायचं. बाई ऐकणाऱ्या निघाल्या तर तुमची वाट बदलली. ‘आमच्याकडे सिस्टम आहे मॅडम’ असं उत्तर आलं, तर शाळा बदलायला हरकत नाही. एक शाळा वाईट निघाली म्हणजे सगळ्या शाळा वाईट ठरत नाहीत, हे संतापात विसरायला होतं.

शरीराचा हिशेबही याच पंधरवड्यात करा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली साठ तरी दम लागेल अशी. पाचच्या पुढे रोज सरासरी साठ मिनिटं दमवणारी. शाळेत पीटीचे तास आठवड्याला दोन, त्यातला एक गणिताच्या बाई घेतात. आमच्याकडची मैदानं रीडेव्हलपमेंटच्या पत्र्यांमागे गेली. मग पोरगं सोफ्यावर उड्या मारणार नाही तर काय करणार? शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकवतात, तुमच्या भागातही एखादी तालीम, जिम्नॅस्टिक्सचा वर्ग, तरणतलाव असेलच. दीड-दोन महिने ते करून बघा. मल्हारचं कोडं मोठ्या प्रमाणात तिथेच सुटलं. तो आजही त्याच शाळेत जातो.

आता ज्यांचं एवढं करूनही मन घराकडेच ओढतंय, त्यांच्यासाठी.

जुलैत पंधरा दिवसांची तालीम करा. मूल अजून शिशुवर्गात असेल तर रजेने काही बिघडत नाही. सहाच्या पुढचं असेल तर महिनाभर सलग गैरहजर ठेवू नका, नाव शाळाबाह्य मुलांच्या यादीत जातं. या पंधरा दिवसांत अभ्यासाचा बडेजाव नको. रोज अर्धा तास वाचन, अर्धा तास आकडे, बाकी वेळ घर, बाजार, पाऊस. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, हजारो रुपयांचं किट मागवायची घाई करू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नवलाई ओसरते, आणि खरी परीक्षा तिथून. रोज रात्री दोनच गोष्टी लिहा: आज माझा आवाज किती वेळा चढला, आणि मुलाच्या हातात फोन किती वेळ होता. मूल काय शिकलं हे पंधरा दिवसांत कळत नाही. पण तुम्ही टिकाल की नाही, हे कळतं.

माझं मत स्पष्ट आहे. मुलाची ऊर्जा हा इथे मुद्दाच नाही, मोठ्या माणसाचे पाय हा मुद्दा आहे. चंचल मुलाला घरी शिकवायचं तर त्याच्याबरोबर राहणाऱ्याला स्वतःला रोज घराबाहेर पडायची हौस पाहिजे. भर पावसात छत्री, डबा आणि सुके कपडे घेऊन नेहरू सायन्स सेंटर गाठायचं, राणीची बाग बुधवारी बंद आणि बोरिवलीचं नॅशनल पार्क सोमवारी बंद हे तोंडपाठ ठेवायचं, ट्रेनमध्ये दाराशी न जाऊ देता कुर्ला ते सीएसएमटी गोष्ट सांगत न्यायचं. घरात बसून लॅपटॉपवर नोकरी करत करत हे होत नाही. ज्या घरात एक जण मीटिंगमध्ये आणि मूल शेजारच्या खोलीत टॅबवर, त्या घरापेक्षा साधी पालिकेची शाळा कितीतरी चांगली.

आणि ते मोठं माणूस कोण? या प्रश्नाला मुंबईत बहुतेक घरांत चर्चेविनाच उत्तर मिळतं: आई. नोकरी आईच सोडते. म्हणून मी नवराबायको दोघांना समोर बसवून वेळापत्रक लिहायला लावते, आणि त्यात बापाचं नाव निदान आठवड्यातल्या दोन सकाळींपुढे दिसल्याशिवाय चहा देत नाही. शाळेची वाचलेली फी मांडताना सोडलेला पगार, पीएफ आणि चार वर्षांनी परत नोकरी शोधताना होणारे हाल हेही मांडा. सासूबाईंचा हात लागणार असेल तर त्यांना विचारून मांडा, गृहीत धरून नको.

भांडुपच्या घरात बाप तबल्याच्या शिकवण्या घेतो, त्या संध्याकाळी. सकाळ मोकळी. आई बँकेत. त्यांची सई सात वर्षांची, वारा प्यायल्यासारखी. सकाळी बापलेक भाजी आणि मासळी आणायला जातात, आणि हिशेब सईचा. एकदा मी बरोबर होते. कोळीण म्हणाली, “बोंबलाचा वाटा चाळीसला, शंभरला तीन घे.” सईने बोटं मोडली, अडली. तीन घेतले तर एक केवढ्याला पडला? बाप काही बोलला नाही, शंभर देऊन पिशवी घेतली. घरी आल्यावर तिने डब्यातले राजमे काढले, शंभर मोजले आणि तीन वाट्यांत एकेक टाकत बसली. बसली म्हणजे, अर्धा वेळ उभीच होती. तेहतीस, तेहतीस, तेहतीस, आणि एक हातात. “बाबा, हा कुणाचा?” “तूच सांग.” तिने विचार केला आणि म्हणाली, “कोळणीकडे राहिला.” भागाकार, बाकी, घासाघीस, सगळं एका सकाळी. पण हे बघून हुरळून जाऊ नका. त्या बापाने तो राजमा मोजून होईपर्यंत वीस मिनिटं तोंड मिटून धरलं होतं. ते ज्याला जमतं त्याने या वाटेला जावं. शिवाय सईला रोज संध्याकाळी खाली ठरलेली पोरं आहेत आणि आठवड्याला तीनदा जिम्नॅस्टिक्स, तिथेही त्याच मैत्रिणी. सोबत अशी ठरलेली लागते. महिन्यातून एकदा भेटणारी पंचवीस मुलं कामाची नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, सहा ते चौदा वयासाठी. त्यातलं कलम १० मुलाला शाळेत दाखल करण्याचं कर्तव्य पालकांवर टाकतं. न केल्यास पालकांना शिक्षा मात्र कायद्यात लिहिलेली नाही, आणि घरच्या शिक्षणाला वेगळी मान्यताही नाही. त्यामुळे देशात लोक ते उघडपणे करतात, पण सरकारी कागदावर मूल शाळाबाह्य दिसतं. ते सर्वेक्षण आम्ही शिक्षकच दारोदार फिरून करायचो. असे शिक्षक दारात आले तर वाद घालू नका. त्यांना रकाना भरायचा असतो. मुलाच्या वह्या दाखवा, काय चाललंय ते सांगा.

पुढच्या परीक्षांची चिंता सहाव्या वर्षी फार करायची नसते, पण वाट ठाऊक असावी. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, चौदा पूर्ण झालेल्याला दहावीला बसू देते, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि विषय एकेक करून सोडवता येतात. महाराष्ट्राचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, ते पाचवी-आठवीच्या समकक्ष परीक्षा घेतं. आपल्याकडे जो तो ‘१७ नंबरचा फॉर्म भरू’, म्हणजे बाहेरून दहावीला बसू, म्हणतो, पण त्याला आधीच्या शाळेचा दाखला जोडावा लागतो. ज्याने शाळेचं तोंडच बघितलं नाही त्याला ती वाट अवघड. मुंबईच्या ज्या मुलीला बारावी नसताना २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला, तिचं नाव हमखास निघतं. तिच्याकडे संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची तीन पदकं होती, आणि बारावी नाही म्हणून आयआयटीचं दार तिला बंदच होतं. कौतुक जरूर करा. तुमच्या साडेपाच वर्षांच्या पोराचा निर्णय तिच्यावरून करू नका.

घरी ठेवायचं ठरलं तर ते एका वर्षापुरतं ठरवा, आणि परत विचार करायचा दिवस आत्ताच कॅलेंडरवर लिहा. मी संक्रांत सांगते. तोवर सहा महिने झालेले असतात, आणि शाळेत परतायचं झालं तर हातात वेळ असतो. निकष साधे ठेवा: गेल्या जूनला न येणारं काय वाचता येतंय, शेजारच्या मुलाला हाक मारून खेळायला जातोय का, आणि घरातलं मोठं माणूस रात्री रडत तर नाही ना. शेवटच्याचं उत्तर ‘हो’ असेल तर पहिली दोन बघायचीही गरज नाही.

परतीची वाट लोकांना वाटते तितकी बंद नसते. शिक्षणहक्क कायद्यातच तरतूद आहे की सहाच्या पुढचं, कधीच शाळेत न गेलेलं मूल वयानुरूप वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं. मोठ्या खाजगी शाळा जागा नाही म्हणतील. पालिकेची शाळा म्हणणार नाही. गुढीपाडव्याच्या सुमाराला सरकारी शाळांची ‘गुढीपाडवा, पटवाढवा’ म्हणून धावपळ चालते, तेव्हा तर शिक्षक स्वतःच मुलं शोधत फिरत असतात. जाताना जन्मदाखला, आधार, दोन फोटो आणि त्याच्या वर्षभराच्या वह्या न्या. आणि शाळा भरल्याबरोबर दारात उभं राहू नका, तेव्हा मुख्याध्यापक परिपाठात आणि हजेरीत अडकलेले असतात. तासाभराने जा.